उच्च श्रेणी, देशांतर्गत विमानसेवेतील

देशाच्या हद्दीतच सुरू होऊन संपणाऱ्या विमानफेरीत पुढच्या भागात मोजकी, रुंद व ऐसपैस आसने ठेवून त्यांचे वेगळे भाडे आकारण्याची पद्धत. बोलीभाषेत तिला सरसकट ‘बिझनेस क्लास’ म्हणतात. ही सोय सर्व मार्गांवर नसते. दिल्ली–मुंबई किंवा न्यूयॉर्क–लॉस अँजेलिस या मार्गांवर ती असते; कोल्हापूर–हैदराबाद मार्गावर आलेल्या एटीआर या लहान विमानांत ती नसते. लांबचा पल्ला हे तिचे कारण म्हणून सांगितले जाते, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. तिकिटाचे पैसे कोण भरतो आणि तिकीट किती उशिरा काढले जाते, या दोन गोष्टी अंतरापेक्षा अधिक निर्णायक ठरतात.

उगम : भाड्याच्या श्रेणी विमानांनी रेल्वेकडून घेतल्या, असे मानतात. त्यामागचे अर्थशास्त्रीय तत्त्व झ्यूल द्युप्वी या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये मांडले. तिसऱ्या वर्गाच्या डब्याला छप्पर नसे, ते खर्च वाचवण्यासाठी नव्हे; पैसे मोजू शकणाऱ्याने वरच्या वर्गाचे तिकीट काढावे म्हणून, असे त्याचे निरीक्षण होते. विमानसेवेत मात्र क्रम उलटा दिसतो. प्रारंभी बहुतेक ठिकाणी एकच महाग श्रेणी होती आणि स्वस्त श्रेणी नंतर आली. अमेरिकेत कॅपिटल एअरलाइन्सने नोव्हेंबर १९४८ मध्ये शिकागो–न्यूयॉर्क मार्गावर कमी भाड्याची रात्रीची सेवा सुरू केली, ती सामान्यतः या बदलाची सुरुवात मानतात.

पहिला वर्ग आणि स्वस्त वर्ग यांच्यामधली बिझनेस श्रेणी प्रथम कोणी आणली, याबद्दल एकमत नाही. ऑस्ट्रेलियाची क्वांटास १९७९ मधल्या आपल्या श्रेणीसाठी हा मान स्वतःकडे घेते. ब्रिटिश एअरवेजची ‘क्लब’ आणि अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमची ‘क्लिपर’ या श्रेणी १९७८ च्या आहेत. नेदरलँड्सच्या केएलएमने तर १९७६ च्या सुमारासच पूर्ण भाडे भरणाऱ्यांना सवलतीच्या प्रवाशांपासून वेगळे बसवण्यास सुरुवात केली होती. मतभेदाचे मूळ व्याख्येत आहे. वेगळी खुर्ची हे लक्षण धरले तर नंतरच्या कंपन्यांची बाजू बळकट होते. वेगळे भाडे व वेगळी वागणूक हे धरले तर केएलएमची. दुसरी व्याख्या अधिक ग्राह्य वाटते, कारण या श्रेणीला जन्म देणारी अडचण भाड्याचीच होती. १९७७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आगाऊ आरक्षणावर मोठी सवलत देणारी ‘सुपर सेव्हर’ भाडी आणली आणि १९७८ च्या कायद्याने अमेरिकेतील भाडी सरकारी नियंत्रणातून सुटू लागली. आदल्या दिवशी पूर्ण दराने तिकीट काढणारा व्यापारी आणि महिनाभर आधी स्वस्तात काढणारा पर्यटक शेजारी शेजारी, एकसारख्याच खुर्चीत बसू लागले. पहिल्याला काहीतरी अधिक देणे कंपन्यांना भागच होते.

आसनांचा हिशेब : मोठी खुर्ची ही मूलतः जागेची विक्री आहे. इंडिगोच्या एकाच श्रेणीच्या एअरबस ए३२१ निओ विमानात २३२ पर्यंत आसने असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली–मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ श्रेणी सुरू करताना कंपनीने एकूण २२० आसनांची रचना केली : पुढे १२ आणि मागे २०८. म्हणजे २४ साध्या आसनांच्या जागी १२ आली. सहा-सहांच्या चार रांगा गेल्या आणि ३८ इंच अंतराच्या चार-चारांच्या तीन रांगा बसल्या. एवढ्यावरून पुढचे भाडे मागच्याच्या किमान दुप्पट हवे, हे उघड आहे. जेवण, सामान व जादा सेवकवर्ग यांचा खर्च वेगळाच. या सेवेचे आरंभीचे भाडे १८,०१८ रुपयांपासून जाहीर झाले होते. बारापैकी निम्म्या खुर्च्या रिकाम्या गेल्या तर हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरतो. म्हणून दुप्पट-तिप्पट भाडे भरणारे प्रवासी रोज मिळतील, अशाच मार्गावर ती मांडतात.

किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत : न्यूयॉर्क–लॉस अँजेलिस हे अंतर सुमारे ४,००० किमी. असून पश्चिमेकडे जाताना सहा तासांच्या आसपास वेळ लागतो. जेट विमाने या मार्गावर जानेवारी १९५९ पासून आहेत. चित्रपट, दूरचित्रवाणी, वित्त व कायदा या व्यवसायांतील लोकांची तिकिटे त्यांच्या कंपन्या काढतात. रात्री निघून पहाटे पूर्वेला पोहोचणाऱ्या फेरीत झोप मिळाली, तर पुढचा कामाचा दिवस वाया जात नाही. अमेरिकन एअरलाइन्सने २०१४ मध्ये या मार्गासाठी केवळ १०२ आसनांची ए३२१ विमाने आणली (१० प्रथम, २० बिझनेस, ७२ साधी). त्याच वर्षी तोवर एकाच श्रेणीत सेवा देणाऱ्या जेटब्लूने ५९९ डॉलरपासून सपाट पलंगवजा आसने देऊ केली. स्पर्धेने भाडी उतरली आणि ही श्रेणी इतर मार्गांवर पसरली.

भारतात : दिल्ली–मुंबई अंतर जेमतेम १,१५० किमी., प्रवास दोन तासांचा. तरीही इथे ही श्रेणी टिकली, यावरून अंतराचा मुद्दा दुय्यम ठरतो. केंद्र सरकारच्या प्रवासभत्ता नियमांत वेतनस्तर १४ व त्यावरील अधिकाऱ्यांना बिझनेस श्रेणी अनुज्ञेय आहे. स्तर १२ व १३ साठी साधी श्रेणी. परदेशच्या बिझनेस तिकिटावर मुंबई-दिल्लीत विमान बदलणाऱ्यांना देशांतर्गत टप्प्यातही तीच सोय द्यावी लागते. एअर डेक्कन (२००३) व इंडिगो (२००६) यांनी श्रेणीच काढून टाकून भाडी खाली आणली. ‘विस्तारा’ या कंपनीने जानेवारी २०१५ मध्ये १६ बिझनेस, ३६ प्रीमियम इकॉनॉमी व ९६ साधी अशी १४८ आसनांची विमाने आणून उलट दिशा धरली. पुढे बिझनेस आसने कमी करावी लागली. वस्तू व सेवा कर साध्या श्रेणीवर ५ टक्के, तर इतर श्रेणींवर आधी १२ आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आहे. कंपनीला हा कर वजावटीत मिळू शकतो, स्वतःच्या खिशातून जाणाऱ्याला नाही. श्रेणीचा ग्राहक कोण, हे इथेही दिसते.

कोल्हापूर : उजळाईवाडी येथील विमानतळ राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ च्या सुमारास सुरू झाला. ‘उडान’ या केंद्र सरकारच्या प्रादेशिक विमानसेवा योजनेखाली २०१८ पासून सेवा मिळाली आणि नवी टर्मिनल इमारत १० मार्च २०२४ रोजी खुली झाली. सुरुवातीची विमाने लहान व एकश्रेणी होती. कोल्हापूर जिल्ह्यातील घोडावत उद्योगसमूहाच्या स्टार एअरने २०२३ पासून घेतलेल्या एम्ब्रेअर ई१७५ विमानांत मात्र १२ बिझनेस व ६४ साधी आसने आहेत. पुढे एका रांगेत तीन, मागे चार. येथे मार्गासाठी विमान निवडलेले नसून विमानाबरोबर श्रेणी येते : असे विमान ज्या शहराला लावले जाते, तिथे मोठ्या खुर्च्या आपोआप पोहोचतात. त्या भरतील का, हे शिरोळी, गोकुळ शिरगाव व कागल येथील कारखानदारी, हुपरीचा चांदी उद्योग आणि इचलकरंजीचा कापड व्यापार यांच्या मुंबईच्या फेऱ्यांवर ठरते. ‘उडान’मध्ये ठरावीक आसनांनाच भाड्याची कमाल मर्यादा असते, उरलेली बाजारभावाने विकता येतात, त्यामुळे लहान मार्गावरही पुढची केबिन परवडू शकते. कोल्हापूर–मुंबई विमान तासाभराचे. पर्याय म्हणजे रात्रभराची महालक्ष्मी एक्सप्रेस किंवा ट्रॅव्हल्सची स्लीपर गाडी. त्यामुळे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्या उद्योजकाला खुर्चीच्या रुंदीपेक्षा फेरीची वेळ अधिक मोलाची असते.