मुताँ कादे ही मुताँ रोथशिल्डची ‘सेकंड वाइन’ नव्हे

ड्यूटी फ्रीमधून आणलेली मुताँ कादेची बाटली टेबलावर आली की कुणीतरी हमखास सांगतं, ‘ही रोथशिल्डांची बरं का, फर्स्ट ग्रोथ!’ लगेच दुसरा जाणकार दुरुस्ती करतो, ‘फर्स्ट ग्रोथ नाही रे, त्याच शातोची सेकंड वाइन.’ (फर्स्ट ग्रोथ म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दोच्या जुन्या प्रतवारीतला पहिला वर्ग, शातो म्हणजे स्वतःचे मळे असलेली वाइनची इस्टेट.) पहिल्याला माफ करता येतं, त्याला लेबलानं फसवलेलं असतं. दुसरा मात्र डोक्यात जातो, कारण त्याचं अर्धवट ज्ञान लोक खरं मानून पुढे सांगत सुटतात. (मुताँ हा उच्चार ऐकून मराठी माणसाला हसू येणारच. एकदा काय ते हसून घ्या आणि पुढे चला.)

कादे तुम्हाला ठाऊकच आहे. मर्लो या द्राक्षाचं प्राबल्य असलेली, मऊ, फळांच्या चवीची, बोर्दोची रोजच्या जेवणातली लाल वाइन. पांढरी आणि रोझेही निघते. कान चित्रपट महोत्सवातही तीच ओतली जाते. वाईट आहे का? अजिबात नाही. पण ती कुठल्याही एका शातोची वाइन नाही.

शातो मुताँ रोथशिल्ड मात्र एका ठिकाणाची आहे. बोर्दो शहराच्या उत्तरेला, मेदोक भागातल्या पोयाक गावाजवळ जेमतेम नव्वद हेक्टरचे मळे. जमीन खडीची, म्हणजे पाणी ठरत नाही आणि मुळांना खोल जावं लागतं. उशिरा पिकणाऱ्या काबर्ने सोविन्योंला अशी कोरडी, ऊब धरणारी जमीन मानवते, म्हणून मळ्यात साधारण ऐंशी टक्के वेली त्याच जातीच्या. रोथशिल्ड घराण्याच्या इंग्लंडमधल्या शाखेतल्या नॅथानिएलनं १८५३ मध्ये ही इस्टेट विकत घेतली आणि ‘ब्रान-मुताँ’ हे नाव बदलून आपलं आडनाव लावलं. दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी मेदोकच्या वाइनींची प्रतवारी लावली. लाफित, लातूर, मार्गो आणि मेदोकबाहेरची ओ-ब्रियों, या चार पहिल्या वर्गात. मुताँ दुसऱ्या वर्गात, यादीत सर्वात वर. ही ठसठस शंभराहून अधिक वर्षं टिकली.

ती मिटवली फिलिप द रोथशिल्डनं. १९२२ मध्ये इस्टेट हाती आली तेव्हा तो वीस वर्षांचा होता. तोवर रीत अशी की शातोनं वाइन पिंपात भरून बोर्दोच्या व्यापाऱ्यांना विकायची आणि पुढे ती मुरवून बाटल्या भरायचं काम त्यांनी करायचं. त्या प्रवासात वाइनीत काय मिसळलं गेलं हे शातोलाही कळायचं नाही. १९२४ मध्ये फिलिपनं जाहीर केलं की सगळी वाइन इथंच बाटलीबंद होईल. मग मुरणारी पिंपं ठेवायची कुठं? म्हणून १९२६ मध्ये शंभर मीटर लांबीचं, मध्ये एकही खांब नसलेलं पिंपघर उभं राहिलं. १९७३ मध्ये फ्रान्सचे तेव्हाचे कृषिमंत्री जाक शिराक यांच्या सहीनं मुताँ पहिल्या वर्गात गेली. त्या वर्षीच्या लेबलावर पिकासोचं चित्र आहे. १९४५ पासून जवळपास दर वर्षी लेबलासाठी नवा चित्रकार असतो आणि त्याला मानधन म्हणून पैसे नाही, वाइन मिळते. २००९ चं लेबल मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूर यांचं आहे. चित्रं छान आहेत, पण लेबलं जमवणाऱ्यांनी वाइनीबद्दल बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुद्द्याचं. सेकंड वाइन म्हणजे नक्की काय?

शातोत वेगवेगळ्या वाफ्यांची द्राक्षं वेगवेगळ्या टाक्यांत आंबवतात. कापणीनंतरच्या हिवाळ्यात एकेका टाकीतली वाइन चाखून ठरतं की मुख्य वाइनीत काय जाणार. कोवळ्या वेलींची, कमी पिकलेली किंवा चांगली असूनही त्या वर्षीच्या मिश्रणात न बसणारी वाइन बाजूला पडते. ही बाजूला पडलेली वाइन वेगळ्या नावानं विकली की ती झाली सेकंड वाइन. मळे तेच, माणसं तीच, तळघर तेच. निवडीत ती मागे पडली, एवढाच फरक. मुताँ रोथशिल्डची अशी वाइन आहे आणि तिचं नाव आहे ‘ल प्ती मुताँ’. तिचा पहिला हंगाम १९९३.

कादेत यातलं काहीच घडत नाही. तिथं शातोच्या टाक्यांतून काही बाजूला काढलेलं नसतं. बोर्दोच्या विस्तीर्ण प्रदेशातल्या कितीतरी शेतकऱ्यांचा माल फिलिपच्या नावानं चालणारी कंपनी घेते आणि दर वर्षी चव सारखी राहील असं मिश्रण करते. नाशिकच्या मोठ्या वायनऱ्या करारावर गावोगावची द्राक्षं घेतात, तसाच हा व्यवहार. शातो आणि कादे, दोन्हींचं उद्दिष्टच उलट आहे. शातोला त्या वर्षीचा पाऊस-ऊन बाटलीत दिसायला हवं असतं, कादेला ते दिसायला नको असतं. एक म्हणजे दुसरीची कमी दर्जाची आवृत्ती असं नाही, हे दोन वेगळे धंदे आहेत. म्हणून ‘कादे प्यायलो, म्हणजे मुताँची झलक मिळाली’ हे वाक्य ऐकलं की मी विषय बदलतो.

मग हा गैरसमज आला कुठून? इथं त्या जाणकाराची थोडी बाजू घ्यावी लागते, कारण १९३० मध्ये तो बरोबर ठरला असता. त्या वर्षीचा हंगाम बोर्दोत वाईट गेला. शातोत बाटलीबंद करायचा आग्रह धरलेल्या फिलिपपुढे पेच उभा राहिला. ही वाइन मुताँच्या नावानं विकायची तर अब्रू जाणार, फेकायची तर पैसा. त्यानं ती ‘मुताँ कादे’ या नावानं, कमी किमतीत बाजारात आणली. तेव्हा ती खरोखरच शातोची धाकटी वाइन होती. पण ती इतकी खपली की मळ्यातला बाजूला पडलेला माल पुरेना. मग बाहेरून माल यायला लागला आणि पुढे शातोशी तिचा संबंध उरला तो नावापुरता. गोष्टीचा पहिला भाग सगळे सांगतात. दुसरा भाग विकणाऱ्यांनी मोठ्यानं सांगावा अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

दुकानात ओळखायचं कसं? रोथशिल्ड हे नाव बघू नका, ते दोन्हींवर आहे. मुताँचं चिन्ह असलेला मेंढा तर मुळीच बघू नका. ‘आपेलासियों’ (म्हणजे द्राक्षं कुठल्या भागातली ते) या शब्दाच्या आसपास काय छापलंय ते वाचा. नेहमीच्या लाल कादेवर तिथं ‘बोर्दो’ असतं, म्हणजे द्राक्षं त्या अख्ख्या प्रदेशातली. मुताँ रोथशिल्डवर आणि प्ती मुताँवर ‘पोयाक’ असतं. खरं तर किंमत बघितली तरी पुरे. कादे फ्रान्समध्ये दहाएक युरोच्या घरात मिळते, मुताँ रोथशिल्डला शेकड्यांत मोजावे लागतात.

किमतीत आणि चवीत फरक का, हे लांबवत नाही. शातोत हातानं तोडणी, बहुतांश आंबवण ओकच्या उभ्या टाक्यांत, मग २२५ लिटरच्या बहुतेक नव्या ओक पिंपांत दीड वर्षाहून जास्त मुरवण. अशी वाइन दहा-पंधरा वर्षांनी कुठं बोलायला लागते. कादे घेतल्यावर दोन-चार वर्षांत प्यायची. तिला पुण्या-मुंबईतल्या कपाटात ‘मुरायला’ ठेवणाऱ्यांना एवढंच सांगतो की तिथं ती मुरत नाही, शिजते.

लाफित रोथशिल्डही यांचीच का, असं पुढे विचारलं जातंच. नाही. ती घराण्याच्या फ्रेंच शाखेची, नॅथानिएलचा काका आणि सासरा जेम्स यानं १८६८ मध्ये घेतलेली. मळे शेजारी, कारभार वेगळा, आणि बांधावरची भाऊबंदकी आपल्याला काही नवी नाही.

ज्याला मुताँच्या घरची वाइन चाखायची आहे पण मुताँ परवडत नाही, त्यानं काय घ्यावं? प्ती मुताँ घेऊ नका, तिथं नावाचेच पैसे जास्त लागतात. ‘शातो द’आर्मायाक’ शोधा. फिलिपनं १९३३ मध्ये घेतलेली शेजारची इस्टेट, पोयाकचीच, १८५५ च्या यादीत पाचव्या वर्गात. फक्त जुनी बाटली मिळाली तर सावध राहा. १९८९ च्या आधी काही वर्षं तिच्यावर ‘मुताँ बारोन फिलिप’ असं नाव असायचं, आणि तीही मुताँ रोथशिल्ड म्हणून खपवणारे भेटतात.