अंगोलाचा राष्ट्रीय बास्केटबॉल संघ (पुरुष)

आफ्रिका खंडाच्या बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धेत, म्हणजे आफ्रोबास्केटमध्ये, सर्वाधिक 12 विजेतेपदे मिळवणारा संघ. इजिप्त आणि सेनेगल यांच्या खाती प्रत्येकी पाच आहेत, यावरून अंतराची कल्पना यावी. 1989 ते 2013 या काळात ही स्पर्धा 13 वेळा झाली आणि त्यांतल्या 11 अंगोलाने जिंकल्या. एवढे असूनही बाहेरच्या जगाला हा संघ आठवतो तो एका पराभवामुळे, आणि तेही अमेरिकेचा खेळाडू चार्ल्स बार्कली याच्या कोपरामुळे.

गोवा मुक्त झाला त्याच 1961 साली अंगोलात पोर्तुगिजांविरुद्ध सशस्त्र लढा सुरू झाला, पण ते तिथून हटायला आणखी 14 वर्षे लागली. 11 नोव्हेंबर 1975 रोजी स्वातंत्र्य मिळाले ते पेटलेल्या यादवीतच. मधले काही खंड सोडता हे युद्ध 2002 पर्यंत चालले. अशा देशात खेळ टिकला तो राजधानी लुआंडातल्या क्लबांमुळे. त्यांतले दोन मोठे: लष्कराचा प्रिमेइरो द अगोस्तो आणि सरकारी तेल कंपनी सोनांगोलच्या पाठबळावरचा पेट्रो द लुआंडा. राष्ट्रीय संघाचा कणा याच दोघांकडून येई. खेळाडू बहुतेक मायदेशातच राहत आणि वर्षानुवर्षे एकमेकांसोबत किंवा एकमेकांविरुद्ध खेळत. उंचीत हा संघ सेनेगल-नायजेरियापुढे कायम थिटा. त्यामुळे लांबून अचूक फेक, झपाट्याने चढाई आणि प्रतिस्पर्ध्याला चेंडू सुखाने पुढे नेऊ न देणारा दाबाचा बचाव, हीच त्याची शैली ठरली. अंगोलाच्या यशाचे श्रेय अनेकदा तेलाच्या पैशाला दिले जाते. ते अर्धेच खरे आहे; पैसा आफ्रिकेत इतरांकडेही होता, एकत्र मुरलेला संघ नव्हता.

1983 आणि 1985 मध्ये उपविजेतेपदावर समाधान मानल्यावर 1989 साली लुआंडातच पहिले विजेतेपद आले. पुढचे 1992 मध्ये कैरोत मिळाले आणि त्याच वर्षी संघ प्रथमच ऑलिंपिकला गेला. सरकार आणि बंडखोर यांच्यातल्या 1991 च्या बिसेस करारामुळे देशात तेव्हा तात्पुरती शांतता होती.

बार्सिलोना ऑलिंपिकमधला पहिलाच सामना अमेरिकेच्या ‘ड्रीम टीम’शी, म्हणजे एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगमधल्या ताऱ्यांच्या संघाशी पडला. सुरुवातीला गुणफलक 7-7 होता. त्यानंतर अमेरिकेने 46 गुण केले आणि तेवढ्या वेळात अंगोलाला मिळाला एक. तो एक गुणही बार्कलीने सडपातळ एर्लांदेर कोइंब्राच्या छातीत कोपर मारल्यावर मिळालेल्या फ्री थ्रोचा. शेवट 116-48. हे कोपर जगभर गाजले. पण पाच दिवसांनी, 31 जुलैला, याच संघाने यजमान स्पेनला 83-63 असे 20 गुणांनी हरवले आणि स्पेनची उपांत्यपूर्व फेरी हुकली. 1965 पासून स्पेनचे प्रशिक्षक असलेल्या अंतोनियो दियास-मिगेल यांची कारकीर्द त्या ऑलिंपिकसोबत संपली. स्पेनमध्ये हा पराभव ‘अंगोलाझो’ म्हणून अजून बोचतो. या संघाचा इतिहास खरे तर कोपरापासून नव्हे, या सामन्यापासून सांगायला हवा. ज्यां-जाक कोन्सेइसाओ हा त्या पिढीचा मोठा खेळाडू. पुढे फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचा समावेश झाला.

त्याच वर्षाअखेर देशात निवडणुकीनंतर युद्ध पुन्हा भडकले. 1993 मध्ये हुआंबो शहरासाठी 55 दिवस लढाई चालली आणि त्याच वर्षी नैरोबीत संघ पुन्हा विजेता ठरला. 1997 चे विजेतेपद सेनेगलने नेले. मग 1999 ते 2009 अशी सलग सहा विजेतेपदे आली. मिगेल लुतोंदा, ‘किकास’ नावाने ओळखला जाणारा जोआकिं गोमिश आणि कार्लोस मोराइस ही या काळाची नावे. 1992 पासून 2008 पर्यंतच्या पाचही ऑलिंपिकमध्ये संघ होता, पण तिथे स्पेनवरील विजयाच्या तोडीचे काही पुन्हा घडले नाही.

विश्वचषकातली सर्वांत चटका लावणारी लढत 2006 मधली, जपानच्या हिरोशिमातली. जर्मनीविरुद्धचा सामना तीन वेळा जादा वेळेत गेला. एकट्या डर्क नोविट्झकीने 47 गुण केले तेव्हा कुठे जर्मनी 108-103 असा निसटला. अंगोला तरीही बाद फेरीत पोहोचला आणि तिथे फ्रान्सकडून अवघ्या सहा गुणांनी हरला. चार वर्षांनी तुर्कस्तानात जर्मनीशी पुन्हा जादा वेळ झाला; या वेळी अंगोलाने 92-88 अशी परतफेड केली.

उतरणीची चाहूल 2011 मध्ये लागली. स्पर्धा चालू असतानाच प्रशिक्षक बदलावा लागला आणि अंतिम फेरीत ट्युनिशियाने हरवले. 2013 मध्ये आबिजानला इजिप्तला 57-40 असे नमवून मुकुट परत आला, पण 2015 चा अंतिम सामना नायजेरियाने जिंकला आणि 2017 मध्ये तर उपांत्य फेरीही गाठता आली नाही. कारण उघड होते. अमेरिका-युरोपात वाढलेली, तिथल्या कॉलेजांत आणि लीगमध्ये तयार झालेली आपल्या वंशाची मुले नायजेरिया आणि इतर देश संघात आणू लागले होते. घरच्या घरी संघ घडवण्याची अंगोलाची पद्धत त्यापुढे अपुरी पडू लागली. त्यातच 2014 नंतर तेलाचे भाव कोसळले. एनबीएत खेळणारा पहिला अंगोलन, ब्रुनो फर्नांडो, 2019 मध्ये अटलांटा हॉक्सकडे गेला, तोवर संघाचा दरारा ओसरला होता.

घरचे क्लब मात्र संपले नव्हते. 2024 मध्ये पेट्रोने बास्केटबॉल आफ्रिका लीग ही आफ्रिकेतल्या क्लबांची स्पर्धा जिंकली. पुढच्याच वर्षी, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, आफ्रोबास्केट अंगोलात भरली. लुआंडातल्या अंतिम सामन्यात मालीला 70-43 असे लोळवून संघाने 12 वर्षांनी विजेतेपद मिळवले. प्रशिक्षक होते स्पेनचे पेप क्लारोस. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला शिल्द दुंदाओ: पेट्रोच्या 2024 च्या विजेत्या संघातला, पावणेसहा फूटही उंची नसलेला गार्ड.