केळ्यातील सेरोटोनिन आणि दाहाने वळवलेला ट्रिप्टोफॅन

रावेर-यावल पट्ट्यात केळी घरोघरी असतात, म्हणूनच की काय, ‘केळ्यात सेरोटोनिन असते, रोज दोन केळी खा, नैराश्य जाईल’ हा मोबाइलवरील संदेश आमच्या खान्देशात मोठ्या विश्वासाने पुढे पाठवला जातो. केळ्यात सेरोटोनिन, म्हणजे मनःस्थितीशी निगडित असलेले रसायन, असते हे खरेच आहे. परंतु रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसर ते ओलांडू शकत नाही. मेंदूला आपले सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्वतःच तयार करावे लागते.

एरवीही शरीरातील बहुतांश ट्रिप्टोफॅनचे कायन्युरेनिन हे दुसरेच रसायन होते आणि सेरोटोनिनच्या वाट्याला त्याचा अगदी थोडा अंश येतो. जंतुसंसर्ग, संधिवात किंवा लठ्ठपणा यांमुळे शरीरात दाह (इन्फ्लमेशन) टिकून राहिला, की रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेले इंटरफेरॉन-गॅमासारखे रेणू ट्रिप्टोफॅनचे कायन्युरेनिन करणाऱ्या आयडीओ या विकराचे (एन्झाइमचे) प्रमाण वाढवतात आणि पाटचारीचे पाणी वरच्या अंगालाच वळवावे तसा ट्रिप्टोफॅनचा ओघ कायन्युरेनिनकडे वळतो. हे कायन्युरेनिन मात्र अडसर ओलांडून मेंदूत शिरते, तेथील मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशी त्यापासून क्विनोलिनिक आम्ल बनवतात आणि हे आम्ल चेतापेशींवरील एनएमडीए या संदेश टिपणाऱ्या ग्राहींना अवाजवी उत्तेजित करून चेतापेशींना इजा पोहोचवते. शिवाय, हिप्पोकॅम्पस या मेंदूतील स्मृतीच्या भागात इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहकारक रेणू वाढला की नव्या आठवणी पक्क्या होण्यात अडथळा येतो.

हिपॅटायटिस-सीसाठी इंटरफेरॉन-अल्फा या रोगप्रतिकारक रेणूची इंजेक्शने दिली जात, तेव्हा पूर्वी कधीही नैराश्य नसलेल्या अनेक रुग्णांना ते उपचारादरम्यान आले, हा दाह आणि नैराश्य यांच्या संबंधाचा मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा आहे. लघवीच्या जंतुसंसर्गात एखादी वृद्ध आजी अचानक असंबद्ध बोलू लागते, घरच्यांना ओळखत नाही, तेव्हा तोही संसर्गातील दाहाचा मेंदूवरील परिणाम असू शकतो; पण बाहेरची बाधा समजून तिला भगताकडे नेण्यात उपचाराचे मोलाचे तास वाया जातात.

प्रत्येक नैराश्यामागे दाह असतो, असे मात्र नाही. दाह शमवणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध नैराश्याच्या ६० रुग्णांवर तपासले गेले, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले: सरसकट फायदा दिसला नाही, पण ज्यांच्या रक्तात सीआरपी हे दाहदर्शक प्रथिन अधिक होते त्यांच्यात सुधारणेची चिन्हे दिसली. त्यामुळे ‘दाहनाशक’ म्हणून विकली जाणारी चूर्णे नैराश्याच्या प्रत्येक रुग्णाला देणे निराधार आहे, आणि चालू असलेली औषधे या चूर्णांसाठी बंद करणे धोक्याचे आहे.

व्यायामाविषयीचे संशोधन मला अधिक आशादायक वाटते. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की व्यायामाने सक्षम झालेले स्नायू रक्तातील कायन्युरेनिनचे कायन्युरेनिक आम्लात रूपांतर करतात; आणि केळ्यातील सेरोटोनिनला अडवणारा तोच अडसर या आम्लालाही मेंदूत सहजी शिरू देत नाही, म्हणजे मेंदूत पोहोचणारे कायन्युरेनिन घटते.