चिखलाचं पंचांग

बडोद्याला समुद्र नाही, हे आम्ही बडोदेकर पाहुण्यांना जरा खेदानेच सांगतो. पण आमची आत्या अमावास्या जवळ आली की कावी-कंबोईला जायचं काढते. जंबुसर तालुक्यातलं, पाऊणशे किलोमीटरवरचं स्तंभेश्वराचं देऊळ दिवसातून दोनदा भरतीत बुडतं. पाणी उतरलं की समोर राहतो तो राखाडी चिखल, नजर पोचेल तिथवर. मागच्या खेपेला तो बघून आत्या म्हणाली, "एवढी जागा वायाच ना रे? इथे काहीतरी करायला हवं."

तिला हसण्यात अर्थ नाही. प्रकल्पासाठी जागा बघायला येणारी मंडळीही ओहोटीलाच येतात आणि अशाच जमिनीपुढे कागदावर 'खार' किंवा 'पडीक' असा शेरा पडतो.

खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आहे. दक्षिणेला रुंद, उत्तरेला निमुळतं आणि उथळ. भरतीचं पाणी आत शिरलं की दोन्ही काठ जवळ येत जातात, तळ वर येत जातो, आणि पाण्याला उंच चढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. भावनगरच्या बाजूला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळीत 10 मीटरच्या आसपास फरक पडतो. मुंबईत तो 5 मीटरच्या घरात. साबरमती, मही, ढाढर, नर्मदा यांनी आणलेला गाळ हे पाणी रोज ढवळतं, उचलतं, पसरतं.

या गाळावर ऊन पडलं की डायटम नावाच्या एकपेशीय शेवाळाची सोनेरी-तपकिरी साय धरते. तिच्यावर जगतो लेवटा. कोकणात त्याच्या भाईबंदांना निवटी म्हणतात. हा मासा ओहोटीत चिखलावर सरपटत, मान डावी-उजवीकडे फिरवत ती साय खरवडून खातो. कातडी ओली असेपर्यंत हवेतही त्याचं चालतं. हिवाळ्यात हजारो मैलांवरून पाणटिवळे, तुतवार हे पक्षी येतात ते याच चिखलातल्या किड्या-शिंपल्यांसाठी. भरतीत त्यांचं ताट बुडतं, तेव्हा ते काठावर उभे राहून वाट बघतात. म्हणजे त्यांना चिखलही हवा आणि जवळची कोरडी, शांत जागाही. नकाशावर हे दोन वेगळे सर्व्हे नंबर असतात.

आणि बडोद्याचा याच्याशी संबंध काय? विश्वामित्री पावागडाकडून येते, शहरातून वळणं घेत ढाढरला मिळते आणि तिथून आखातात जाते. शहरात नदीचा विषय निघाला की मगरी आणि पूर यांपलीकडे गप्पा जात नाहीत. शिवाय इथल्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी सुमारे 55 किलोमीटर लांबीच्या वाहिनीतून जंबुसर तालुक्यातल्या सारोदजवळ, महीच्या खाडीत सोडलं जातं. समुद्र नसलेलं शहर समुद्राला इतकं जवळचं असतं.

किनाऱ्याचे कायदे नाहीत असं नाही. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना 1991 ची, सध्याची 2019 ची. तिच्यात तिवरं (खारफुटी) आणि चिखलपट्टेही सर्वाधिक संवेदनशील गटात आहेत. माझं भांडण आहे ते कॅलेंडरशी. पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास करताना बऱ्याच प्रकल्पांना पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती पुरते.

आता पाला, म्हणजे हिलसा मासा, घ्या. (भरूचकडे त्याला चाक्सी म्हणतात.) समुद्रात वाढणारा हा मासा अंडी घालायला गोड्या पाण्याकडे निघतो. पावसाळ्यात नर्मदा भरून वाहू लागली, मुखाचा खारेपणा उतरला, की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो. पावसाळा वगळलेल्या अभ्यासात तो दिसणार कसा? भाडभूतजवळ नर्मदेवर बंधाऱ्याचं काम सुरू झालं, तेव्हा तिथल्या मच्छीमारांनी पाल्याचाच मुद्दा काढला. खारं पाणी आत घुसून शेती नासते, ही बंधारा हवा म्हणणाऱ्यांची तक्रारही खोटी नाही. पण बंधाऱ्यात माशांसाठी वाट ठेवायची, तर ती कोणत्या महिन्यात आणि किती पाण्यात उघडी हवी, हे जाळं टाकणाऱ्याला विचारावंच लागतं.

आखातावरच धरण बांधून आत गोड्या पाण्याचं सरोवर करायची 'कल्पसर' योजना तर आमच्याच शहराशी जोडलेली आहे. तिचे पुरस्कर्ते डॉ. अनिल काणे इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे कुलगुरू होते. कल्पना भव्य, यात वादच नाही. पण धरणाच्या आत भरती थांबली की लेवट्याची सायही गेली आणि पाणटिवळ्यांचं ताटही.

यावर "तिवरं लावून देऊ" हे उत्तर हमखास येतं. तिवरांच्या बाबतीत गुजरात पश्चिम बंगालखालोखाल आहे. 2023 च्या वन अहवालानुसार 1,164 चौरस किलोमीटर, आणि त्यात लागवडीचा वाटा मोठा. चांगलंच आहे. मात्र उघड्या चिखलावर एकाच जातीची रोपं ओळीने लावली, तर पाणटिवळ्यांनी चोच कुठे खुपसायची? रोपं मोजायला सोपी असतात, साय मोजता येत नाही.

2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही दिली आहे. तिच्यात नुसती नावांची यादी असेल तर जागा ठरवताना तिचा उपयोग थोडाच. कोणता जीव, कोणत्या महिन्यात, उधाणाला की भांगाला (म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं त्या दिवसांत), बांधाच्या कुठल्या अंगाला, अशा नोंदी हव्यात. त्याही जागा ठरण्याआधी उघडून वाचलेल्या.

परतताना बांधावर गुडघाभर चिखलाने माखलेला एक माणूस लेवटे घेऊन बसला होता. टोपलीत फारसं काही नव्हतं. आत्याने भाव विचारला, तर तो म्हणाला, "बीजेला या, तेव्हा पाणी आणखी लांब जातं." बरोबरच होतं. उधाण अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी शिगेला पोचतं. आत्याने लगेच मोबाइल काढून बीज कोणत्या वारी आहे ते पाहिलं.