लूसिफर आणि सैतान: मालिकेतला नायक नक्की कोणाचा वारस?

'लूसिफर' ही मालिका पाहताना लूसिफर आणि सैतान ही दोन नावं आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. मालिकाच तशी मुभा देते. लॉस एंजेलिसमध्ये 'लक्स' नावाचा नाइटक्लब चालवणारा आणि डिटेक्टिव्ह क्लोई डेकरच्या मागोमाग खुनांच्या तपासात नाक खुपसणारा हा देखणा गृहस्थ नाव सांगतो लूसिफर मॉर्निंगस्टार, आणि आपण डेव्हिल आहोत हेही बिनदिक्कत सांगून टाकतो. धर्मग्रंथांत मात्र ही दोन पात्रं निरनिराळ्या वाटांनी आली आहेत. पुढे मालिकेच्या शेवटाचा उल्लेख आहे. 2016 ते 2021 या काळातले सहाही सीझन बघायचे राहिले असतील तर आधी बघून घ्या.

आधी सैतान. बायबलच्या जुन्या करारात, ईयोब नावाच्या देवभक्त माणसाच्या पुस्तकात, तो चक्क देवाच्या दरबारात हजर असतो. बंडखोर वगैरे नाही, दरबारातलाच एक. ईयोबाला सगळं मिळालंय म्हणून तो तुला भजतो, काढून घे आणि मग बघ, असा त्याचा युक्तिवाद. देव त्याला परवानगी देतो, पण ईयोबाच्या जिवाला हात लावायचा नाही ही अट घालून. जखऱ्याच्या पुस्तकात तो महायाजकावर आरोप ठेवायला त्याच्या उजव्या हाताला उभा आहे. थोडक्यात, सरकारी वकील. शिंगं, शेपूट, नरकाची गादी यातलं काहीच इथे नाही. देवाचा कट्टर वैरी म्हणून तो ठळक होतो नव्या करारात. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात अजगर, जुनाट साप आणि सैतान एकच असल्याचं सांगितलं आहे.

लूसिफरची गोष्ट याहून मजेशीर. जुन्या करारातल्याच यशयाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात बाबेलच्या राजाची टर उडवलेली आहे: पहाटेच्या ताऱ्या, आभाळात सगळ्यांच्या वर सिंहासन मांडायला निघालास आणि पडलास की खाली! हा तारा म्हणजे शुक्र. जेरोमने केलेल्या बायबलच्या लॅटिन भाषांतरात तिथे 'लूसिफर' आलं, कारण शुक्राच्या चांदणीला लॅटिनमध्ये तेच म्हणत. लूसिफर म्हणजे स्वर्गातून पडलेला देवदूत असं पुढे मानलं गेलं, पण त्या देवदूताचा तिथे पत्ता नाही. तिसऱ्या शतकात ऑरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने या पडणाऱ्या ताऱ्याची सांगड येशूच्या 'सैतान विजेसारखा पडताना मी पाहिला' या उद्गाराशी घातली, आणि दोघांचं एक खातं झालं. तरीही ईस्टरच्या आदल्या रात्री गायच्या लॅटिन स्तोत्रात लूसिफर म्हणजे कधीही न मावळणारा तारा, अर्थात ख्रिस्त. त्याच उपासनेत पुढे भाविक सैतानाचा त्याग करतात, अगदी वसईच्या चर्चमध्येही. एका रात्रीत एकाचा गौरव, दुसऱ्याचा धिक्कार!

मालिकेने नाव, रूप आणि बापाशी, म्हणजे देवाशी, भांडण लूसिफरचं घेतलं. कामधंदा मात्र ईयोबातल्या सैतानाचा दिला, आणि माझ्या मते म्हणूनच तो पोलिसी कथेत इतका चपखल बसतो. लोकांना पाप करायला आपण लावतो, असं कोणी म्हटलं की तो चिडतो. त्याचं काम दोषीला शिक्षा करणं. समोरच्याच्या डोळ्यांत बघून तुला खरंच काय हवंय असं तो विचारतो आणि माणूस मनातलं ओकून टाकतो. ही तर उलटतपासणीच झाली. नरकाची दारंही कुलूपबंद नाहीत. आत्मे आपापल्या अपराधभावामुळे आत अडकतात.

हा दुहेरीपणा पंखांत नीट दिसतो. पहिल्या सीझनमध्ये त्याच्या पाठीवर व्रण आहेत: पांढरे पिसांचे पंख त्याने मेझीकीन या आपल्या राक्षसी साथीदारिणीकडून कापून घेतलेले. दुसऱ्याच्या शेवटी ते परत येतात, त्याला नको असताना. तिसऱ्यात पंख आहेत पण त्याचा सैतानी, जळका लाल चेहरा गायब, आणि चौथ्यात वटवाघळासारखे कातडी पंख. पिसं म्हणजे पडण्याआधीचा देवदूत. कातडी पंख इटालियन कवी दांतेने चौदाव्या शतकातच बर्फात रुतलेल्या लूसिफरला दिले होते. मालिकेची स्वतःची भर अशी की देवदूत स्वतःला जसा समजतो तसं त्याचं शरीर होतं. देव शिक्षा म्हणून रूप देत नाही, देवदूत स्वतःच ते स्वतःला देतो. ही कल्पना बायबलपेक्षा मालिकेतल्या त्याच्या थेरपिस्टच्या, लिंडा मार्टिनच्या, कोचावरून आलेली वाटते, पण सहा सीझन या कल्पनेने पेलले खरे.

शेवटी तो नरकात परततो, आणि तिथे शिक्षा न करता आत्म्यांना त्यांच्या अपराधातून बाहेर काढायला बसतो. आरोप ठेवणारा आता आरोपीच्या बाजूने. ख्रिस्ती श्रद्धेत माणसाची बाजू घेणारा 'कैवारी' म्हणजे पवित्र आत्मा. योहानाच्या शुभवर्तमानात येशू त्याचं वचन देतो. लेखकांना एवढी मोठी उडी मारायची होती का, याबद्दल मला दाट शंका आहे.