एसी थंड करत नाही? गॅस भरण्याआधी केबिन फिल्टर बघा

उन्हाळा लागला की ‘एसीला कूलिंग नाही, गॅस भरून द्या’ ही गाडीच्या एसीची तक्रार आमच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यात जास्त येते. पण एसीचा गॅस बंद नळ्यांमधून फिरतो, पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार. छोट्या गाडीत साधारण ३०० ते ५०० ग्रॅम गॅस बसतो. नेमकं माप बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. त्यापेक्षा जास्त भरला तरी कूलिंग कमीच होतं. म्हणून गॅसचं मीटर लावण्याआधी पाच मिनिटं खर्चून केबिन फिल्टर, म्हणजे गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा कापडी फिल्टर, काढून बघा, मग पुढचं ठरवा.

दोष गॅसचा की फिल्टरचा, हा फरक तुम्हाला घरीच ओळखता येतो. गाडी चालू करून एसी लावा, ब्लोअर (वारा ढकलणारा पंखा) ४ वर ठेवा आणि मधल्या जाळीसमोर हात धरा. वारा भरपूर आहे पण गार नाही, तर दोष गॅस, कॉम्प्रेसर किंवा रेडिएटरसमोरच्या कंडेन्सरकडे असू शकतो. वारा अगदी थोडा, पण जो येतो तो गार, आणि ब्लोअरचा आवाज मात्र वाढलेला, तर फिल्टर चोंदला आहे असं समजा. हवा ढकलायलाच मिळत नाही म्हणून ब्लोअरचं चाक जास्त वेगात फिरतं आणि आवाज चढतो.

तिसरं लक्षण लांबच्या प्रवासात दिसतं. जालन्याहून निघताना कूलिंग चांगलं असतं, अर्ध्या-पाऊण तासाने वारा जवळजवळ बंद होतो. एसी बंद करून नुसता ब्लोअर १०-१५ मिनिटं चालवला की परत सुरू होतं. याचा अर्थ आतल्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो आहे. कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही की तिच्यावरचं पाणी गोठतं. गॅस कमी असला किंवा कॉइलचा सेन्सर बिघडला तरी हेच होतं, पण फिल्टर बघणं सगळ्यात स्वस्त, म्हणून सुरुवात तिथून.

आपल्या भागात तो लवकर का भरतो

कंपनीच्या पुस्तिकेत बदलण्याचं अंतर बहुतेक वेळा १०,००० ते २०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असं दिलेलं असतं, आणि धुळीच्या भागात त्याआधी बदला असंही लिहिलेलं असतं. मराठवाडा धुळीच्याच भागात येतो. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची मळणी सुरू होते, मग कापूस, पुढे तूर, हरभरा, ज्वारी. म्हणजे ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत भुसकट, रुईचे तंतू आणि काळ्या मातीचा फुफाटा हवेत असतोच. त्यात उसाच्या ट्रॉल्यांमागून मुरमाच्या साइडपट्टीवर चालणारी गाडी. जिनिंगजवळ किंवा जालन्याच्या स्टील कारखान्यांजवळ रोज उभ्या राहणाऱ्या गाडीचा फिल्टर तर काळाच निघतो.

त्यामुळे नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका. समृद्धी महामार्गाने महिन्याला हजारो किलोमीटर जाणाऱ्या गाडीचा फिल्टर वर्षभर टिकू शकतो. रोज फक्त १५ किलोमीटर, पण पाणंद रस्त्याने शेतावर जाणाऱ्या गाडीचा पाच-सहा महिन्यांत भरतो. आमचा सल्ला असा: दिवाळीनंतर एकदा काढून बघा, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास, एसीचा खरा हंगाम सुरू व्हायच्या आधी, नवा बसवा. वर्षापेक्षा जुना फिल्टर दिसायला बरा असला तरी ठेवू नका.

सर्व्हिसिंगमध्ये ‘एअर फिल्टर बदलला’ असं बिलावर असेल तर तो इंजिनाचा. केबिन फिल्टर वेगळा लिहिलेला असतो. नसेल तर विचारा.

बदलायचा कसा

बहुतेक गाड्यांत हा फिल्टर डाव्या बाजूच्या डॅशबोर्डच्या खणामागे असतो. काही गाड्यांत तो पुढच्या काचेखालच्या काळ्या जाळीखाली किंवा पायाजवळच्या बाजूला असतो. काही जुन्या बेसिक मॉडेलमध्ये कंपनीने फिल्टर दिलेलाच नसतो. अशी गाडी असेल तर आधी आम्हाला दाखवा.

इंजिन बंद, किल्ली काढलेली. खण रिकामा करा. खणाच्या बाजूला दोरी किंवा छोटी दांडी असेल तर ती आधी सोडवा, मग दोन्ही बाजू हाताने आत दाबा म्हणजे खण खाली येतो. काही गाड्यांत बाजूचे स्टॉपर फिरवून काढावे लागतात. इथे घाई नको. वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं की क्लिप तुटते आणि खण कायमचा खडखडत राहतो.

मागे आडवं झाकण दिसेल. त्याची क्लिप दाबून ते काढा. फिल्टरला हात लावण्याआधी त्याच्या कडेवरचा बाण कुठे आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा. तोंडाला रुमाल बांधा, खाली जुना पेपर पसरा आणि फिल्टर तिरका न करता सरळ बाहेर ओढा. तिरका केला की वरची पानं-काड्या ब्लोअरमध्ये पडतात आणि नंतर टकटक आवाज येतो. पडल्याच तर ब्लोअर चालू करण्याआधी बाहेर काढा.

रिकामी जागा ओलसर फडक्याने किंवा बारीक तोंडाच्या व्हॅक्यूमने पुसून घ्या. हवेचा पाइप आत मारू नका, धूळ थेट कॉइलवर जाऊन बसते.

नवा फिल्टर जुन्याशेजारी धरून लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही ताडून बघा. अर्धा सेंटिमीटर जरी लहान असला तरी हवा कडेच्या फटीतून जाते, आणि मग फिल्टर असून नसल्यासारखा. बाण फोटोत होता तसाच ठेवा. बाणाजवळ हवेची दिशा लिहिलेली असेल तर तो हवा जाते तिकडे हवा, वरची बाजू लिहिलेली असेल तर तो वर. झाकण ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा, खण लावा आणि ब्लोअर १ पासून ४ पर्यंत फिरवून बघा. फक्त ४ वरच चालत असेल आणि १, २, ३ वर बंद, तर ब्लोअरचा रेझिस्टर (पंख्याचा वेग कमी करणारा भाग) जळला आहे. तो ब्लोअरच्याच वाऱ्याने गार राहतो. फिल्टर चोंदून वारा कमी झाला की तापतो आणि जातो. असे रेझिस्टर आम्ही नेहमी बदलतो आणि बऱ्याचदा मूळ कारण फिल्टरच असतो.

धुऊन वापरू का?

नाही. या फिल्टरच्या कापडाच्या तंतूंवर बारीक धूळ ओढून घेणारा स्थिर विद्युतभार असतो. पाण्याने तो जातो, आणि वाळल्यावर घड्याही वाकड्या होतात. हवेच्या प्रेशरने तंतू फाटतात. वरची पानं हलकेच झटकणं, एवढंच करावं. फिल्टर काढून गाडी तशीच चालवणं तर सगळ्यात महागात पडतं: धूळ ओल्या कॉइलवर चिखल होऊन बसते, पाणी बाहेर नेणारी नळी तुंबते आणि पुढच्या सीटखालचं मॅट भिजतं. मग पुष्कळ गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवून कॉइल धुवावी लागते.

साधा घ्यावा की कार्बनचा? शेतरस्त्याच्या धुळीला साधा पुरे. शहरात धुराच्या गर्दीत रोज तास-दोन तास अडकत असाल तर वास कमी करणारा कार्बनचा घ्या. मात्र बुरशीचा वास कार्बनने जात नाही. तो कॉइलमधून येतो, कारण हवा आधी फिल्टरमधून आणि मग कॉइलवरून येते. त्यासाठी घरी पोहोचण्याआधी दोन-तीन मिनिटं एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, कॉइल सुकते.

उंदरांचं घरटं निघालं तर

शेडमध्ये किंवा धान्याजवळ गाडी उभी राहत असेल तर फिल्टरवर सरकी, शेंगांची टरफलं, लेंड्या सापडतात. हे कोरडं झाडू नका. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार होतात. हातमोजे आणि मास्क घाला, जंतुनाशकाचं पाणी शिंपडून ओलं करा आणि मग पिशवीत भरून टाका. फिल्टर लगेच बदला. हवा आत घेण्याच्या तोंडावर बारीक तारेची जाळी आम्ही बसवून देतो. कडुनिंबाखाली गाडी लावत असाल तर पानगळीत काचेखालच्या जाळीतली पानं दर आठवड्याला काढा. तिथलं पाणी तुंबलं की पावसाळ्यात फिल्टर भिजतो.

वर्कशॉपला येताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष आधी फोनवर कळवा, कारण एकाच नावाच्या गाडीला वर्षानुसार वेगळ्या मापाचा फिल्टर लागू शकतो. खण रिकामा करून आणा. जुना फिल्टर आम्ही तुमच्यासमोरच काढतो. तो स्वच्छ निघाला तर परत बसवून देऊ आणि मगच गॅस तपासू.