मधल्या वयाचं कपाट

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशी गाठतो, सकाळी दहा-अकरानंतर कुणी लेकरांना घराबाहेर सोडत नाही, आणि जून अर्धा सरला तरी सुटी चालूच असते. कूलरसमोर पालथं पडून काढायच्या या लांबलचक दुपारींनी शहरातल्या बालवाचनाला जेवढा आधार दिला, तेवढा एखाद्या योजनेनं क्वचितच दिला असेल. वस्त्यांमधल्या वाचनालयांचे बालविभाग एप्रिलमध्ये भरतात आणि जुलैत ओस पडतात. या गर्दीत सगळ्यांत मोठा वाटा नऊ ते बारा वयाच्या मुलांचा असतो. सचित्र पुस्तकं त्यांना बाळबोध वाटू लागलेली असतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून पेलत नसतात. नेमक्या याच वाचकासाठी मराठीत एक ठरलेलं नाव नाही.

इंग्रजी प्रकाशन व्यवहारात साधारण आठ ते बारा वयाच्या वाचकांच्या कथा-कादंबऱ्यांना 'मिडल ग्रेड' म्हणतात. नायक वाचकापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठा, प्रकरणं छोटी, घर-शाळा-मैत्री हे जग आणि त्या जगाला पडलेली पहिली भेग, असा तिथला ढोबळ साचा. अमेरिकेत १९२२ पासून मुलांच्या उत्तम पुस्तकाला दरवर्षी पदक दिलं जातं. तिथल्या ग्रंथालयांनी मुलांसाठी वेगळ्या खोल्या केल्या, त्या खोल्यांनी वेगळी मांडणी मागितली आणि मांडणीतून पुढे ही नावं पक्की होत गेली. आपल्याकडे क्रम उलटा लागला. पुस्तकं आधी आली, मासिकं आली, आणि फळीवर काय लिहायचं हा प्रश्न मागे राहिला.

मराठीतली जुनी वाट थोडक्यात सांगते. तंजावरला १८०६ साली इसापाच्या गोष्टींचं मराठी पुस्तक छापलं गेलं, मुंबईत १८२८ च्या सुमारास मुलांसाठी भाषांतरित वाचनपुस्तकं निघाली. १८८१ आणि १९०६ ही मुलांची दोन महत्त्वाची मासिकं सुरू झाल्याची वर्षं. तोवरचा बराचसा मजकूर बोध देण्यासाठी लिहिलेला होता. वाचक म्हणजे 'बाल', आणि बाल म्हणजे सहा वर्षांचाही आणि चौदा वर्षांचाही.

नागपूरचं वेगळेपण इथून सुरू होतं. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या शहरातून मुलांसाठी एक मासिक निघू लागलं आणि त्याचं नाव साधं 'मुलांचे मासिक' असंच ठेवलं गेलं. बाल नाही, कुमार नाही, मुलांचे. अंकाची मालकी नावातच मुलांकडे दिली. पुढच्या सगळ्या शब्दगोंधळाकडे पाहिलं की ते नाव मला फार शहाणपणाचं वाटतं.

दुसरी गोष्ट शाळेची. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होतं आणि या प्रांतात चौथीनंतर 'मिडलस्कूल' लागायचं. आजही ऐंशीच्या पुढचे आजोबा "मी मिडलला असताना" असं सहज म्हणून जातात. म्हणजे मधल्या वयाला स्वतंत्र टप्पा मानण्याची सवय इथल्या बोलीत होती. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि नव्या राज्याच्या रचनेत बऱ्याच ठिकाणी पाचवी थेट हायस्कूलला जोडली गेली. मधला टप्पा कागदावरून पुसट झाला आणि तो शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरला. नागपुरात कुणी 'मिडल ग्रेड'चं भाषांतर विचारलं, तर निम्मं उत्तर इथेच पडून आहे.

१९६७ हे वर्ष दोन कारणांनी मोठं. त्या वर्षी राज्याचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि वाचनालयांना मान्यता, वर्ग आणि अनुदान मिळण्याची वाट खुली झाली. त्याच वर्षी पाठ्यपुस्तकांसाठी राज्याचं स्वतंत्र मंडळ उभं राहिलं. या मंडळानं नोव्हेंबर १९७१ मध्ये 'किशोर' हे मासिक सुरू केलं. सरकारी अंक असूनही त्यात नामवंत लेखक लिहीत, चित्रकार जीव ओतत आणि किंमत परवडेल इतकी असे. माझ्या पिढीच्या असंख्य मुलांना पहिली क्रमशः कादंबरी याच अंकातून भेटली. पुढचा भाग येईपर्यंत महिनाभर कळ काढायची, हे वाचनाचं शिक्षण आम्हाला तिथे मिळालं. मात्र त्या अंकाच्या यशानं 'किशोर' हा शब्द आपसूक दहा-बारा वर्षांच्या मुलांना चिकटला, आणि तिथून गुंता वाढला.

या शब्दांवर जरा थांबायला हवं. संस्कृतातला एक जुना श्लोक वयाची वाटणी अशी करतो: पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर, पुढे यौवन. या हिशेबानं कुमार सगळ्यांत धाकटा. मराठीत मात्र 'कुमारवय' म्हटलं की मिसरूड फुटायचं वय डोळ्यांसमोर येतं, आणि 'पौगंडावस्था' तर सरळ तेरा-चौदाच्या पुढे सरकली. म्हणजे तिन्ही शब्द आपापल्या जागेवरून हलले आणि नऊ ते बाराची जागा रिकामी राहिली. साहित्यसंमेलनांनी 'बालकुमार' हा जोडशब्द वापरून दोन्ही टोकं बांधली, पण मधलं सांगितलंच नाही. राज्याचे वार्षिक वाङ्मय पुरस्कार बालवाङ्मयाची विभागणी कविता, नाटक, कादंबरी, कथा अशी प्रकारानुसार करतात, वयानुसार नाही. २०१० पासून देशपातळीवर बालसाहित्याचा जो पुरस्कार दिला जातो, त्याचा वयोगट नऊ ते सोळा. नऊ वर्षांची मुलगी आणि सोळा वर्षांचा मुलगा एकच पुस्तक वाचतील, हे कुठल्याही बालविभागात बसणाऱ्या माणसाला पटणार नाही.

मी दक्षिण नागपुरातल्या एका लहान वाचनालयाच्या बालविभागात रविवारी बसते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे या मुलांसाठी वेगळं कपाट करायचं ठरलं, आणि त्या कपाटावर कुठला शब्द लिहायचा यावर तीन बैठका झाल्या. आधी 'किशोर विभाग' लिहिलं. दुसऱ्याच रविवारी एक आई पाचवीतल्या मुलीला त्या कपाटासमोरून हाताला धरून मागे घेऊन आली. "किशोरवयीन मुलींची पुस्तकं इतक्यात नको, लहान आहे ती अजून." आरोग्याच्या कार्यक्रमांतून 'किशोरवयीन' हा शब्द घरोघर वेगळ्या अर्थानं पोचला होता, तिची काहीच चूक नव्हती. मग पाटी बदलून 'कुमार विभाग' केली. त्यावर सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "काकू, हे पोरांचं होय न? पोरींचं कुठाय?" वर्गातल्या हजेरीत मुलांच्या नावामागे कुमार आणि मुलींच्या नावामागे कुमारी लागतं, हे आम्हा मोठ्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिसऱ्यांदा पुन्हा 'बालविभाग' लिहायचं निघालं, तर सातवीतल्या मुलांनी ते कपाट सोडूनच दिलं. "ते तं लहान पोरांचं आहे."

वेगळं कपाट हवंच कशाला, असा विरोध तेव्हाही होता आणि त्यात दम होता. वयाची पाटी लावली की मागे असलेलं मूल लाजतं आणि पुढे असलेलं अडतं, असं आमच्यातले एक निवृत्त शिक्षक म्हणत. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रकाशकांनी मुलांच्या पुस्तकांवर वय छापायचा घाट घातला, तेव्हा तिथल्या शेकडो लेखकांनी याच कारणासाठी विरोध केला होता. मला स्वतःला पुस्तकावर वय छापणं चुकीचं वाटतं, कपाट मात्र हवंच असं वाटतं. पुस्तकावरचा आकडा पुस्तकाबरोबर घरी जातो, वर्गात जातो, मित्रांच्या नजरेला पडतो. कपाटावरची पाटी वाचनालयातच राहते, आणि तिच्यामुळे दाटीत हरवणारी पुस्तकं निदान नजरेला पडतात. कपाट नव्हतं तेव्हा ही सगळी पुस्तकं चित्रांच्या पुस्तकांमागे दडलेली असत, कारण उंचीनं मोठी पुस्तकं पुढे लावायची पद्धत होती.

नागपुरात या वादाला एक आणखी पदर आहे. हे शहर आधीपासूनच मराठी आणि हिंदी दोन्हींचं. आता घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी अशी कितीतरी मुलं आहेत. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. त्यामुळे अकरा वर्षांचं मूल मराठी वाचतं, पण जोडाक्षरांवर अडखळत, दुसरीतल्या मुलाच्या वेगानं. अशा मुलाच्या हाती दुसरीचं पुस्तक दिलं की ते दोन मिनिटांत परत करतं, कारण त्याला ससा आणि कासव नको असतं. त्याला हवी असते मित्रानं दगा दिल्याची, आईबाबांच्या अबोल्याची, एकट्यानं बसनं प्रवास केल्याची गोष्ट. त्याच्या वाचनाचं वय आणि गोष्टीचं वय यांत चार वर्षांचं अंतर असतं. सोप्या वाक्यांत मोठी गोष्ट सांगणारी मराठी पुस्तकं फार थोडी आहेत, आणि आमच्या कपाटातली ती थोडी पुस्तकंच सतत बाहेर असतात.

भाषेबद्दलही एक बोलायला हवं. आमच्या लहानपणी गाजलेला मराठी नायक पुण्याच्या रस्त्यांवरून सायकल हाकायचा आणि पुण्याचंच मराठी बोलायचा. आम्ही त्याच्यावर जीव टाकला. पण "काऊन रे", "काय करून राहिला बे" असं बोलणारा, नागपुरातल्या फुटाळा तलावाच्या काठावर किंवा महाल या जुन्या वस्तीतल्या बोळात काहीतरी शोधून काढणारा मुलगा छापील पानावर आम्हाला जवळजवळ भेटलाच नाही. अलीकडे तशा कथा तुरळक दिसतात. त्या मोठ्यानं वाचल्या की मुलं पहिल्या ओळीला मान वर करतात. गोष्टीचा आस्वाद म्हणतात तो मी त्या वर होणाऱ्या मानेत पाहिला आहे. शाळेत 'रसग्रहण' हा शब्द गुणांच्या प्रश्नाला बांधला गेल्यापासून मी तो मुलांसमोर वापरत नाही.

गेल्या दीड-दोन दशकांत घडामोडी भराभर झाल्या. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानं प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं असं म्हटलं आणि त्यात गोष्टीच्या पुस्तकांचा स्पष्ट उल्लेख केला, हे फार थोड्या पालकांना ठाऊक आहे. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला राज्यभर वाचन प्रेरणा दिन साजरा होऊ लागला. त्या दिवशी शाळेतली पुस्तकं टेबलावर मांडली जातात, फोटो निघतात, आणि पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या दिवशी कपाटाला पुन्हा कुलूप लागतं. चौथी-सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा मध्यंतरी पाचवी-आठवीला सरकली, तेव्हा तिचे शिकवणी वर्गही सरकले आणि नेमक्या दहा-अकराव्या वर्षाच्या संध्याकाळी त्यांत गेल्या. मार्च २०२० मध्ये वाचनालयं बंद झाली. ती उघडेपर्यंत चौथीतली मुलं सहावीत पोचली होती, आणि त्यांतली बरीच परत आलीच नाहीत. त्या दोन वर्षांत मोबाईलवर फिरलेल्या पीडीएफनी काही मुलांना वाचतं ठेवलं, पण लेखकाच्या पदरात त्यातून काही पडलं नाही. 'किशोर'चे जुने अंक मात्र रीतसर आणि मोफत ऑनलाइन आहेत, आणि सत्तरच्या दशकातली चित्रं आजची मुलं बोटांनी मोठी करून पाहतात.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं शाळेची रचना पाच-तीन-तीन-चार अशी मांडली. तिसरी ते पाचवी एक टप्पा, सहावी ते आठवी दुसरा, आणि दुसऱ्याचं इंग्रजी नाव पुन्हा 'मिडल'. ज्या वयाला आम्ही कपाट दिलं, त्याच्या बरोबर मधून ही रेघ जाते: पाचवी अलीकडे, सहावी पलीकडे.

आमच्या कपाटावर आता एकही शब्द नाही. सातवीतल्या दोन मुलींनी पांढऱ्या पट्टीवर स्केचपेननं '५ वी, ६ वी, ७ वी (आणि कोणीही)' असं लिहून चिकटवलंय. कंसातला मजकूर त्यांचा. या उन्हाळ्यात पट्टीचा एक कोपरा कूलरच्या ओलसर हवेनं सुटला, तो मी डिंकानं पुन्हा बसवला. खालच्या फळीवर फक्त तीन पुस्तकं उरली होती, बाकीची वस्तीत कुठे कुठे वाचली जात होती.